कॅमेरेवाल्या काकांना, सप्रेम नमस्कार

काका,

हे पत्र हातात आणून दिलं असतं तर तुम्ही दोन ओळी वाचून, घडी घालून काउंटरच्या खणात टाकलं असतंत आणि पुन्हा लेन्स पुसायला लागला असतात. म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. नाव लिहायचं नाही, ही तुमची अट पाळली आहे. सोलापुरात ज्यांनी कधी कॅमेरा दुरुस्तीला टाकलाय, ते तुम्हाला ओळखतीलच.

भंडारदऱ्याला एकटीनं जायचं, पाठीवर सगळं सामान घेऊन चालायचं, रात्र तिथंच काढायची आणि धबधब्यांचे फोटो काढायचे, असं मी ज्याला सांगितलं त्यानं एकतर "एकटी कशाला?" म्हटलं, नाहीतर "सांभाळून जा गं." दोन्हींत मायाच होती. पण सांभाळायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते कुणी सांगत नव्हतं. तुम्ही हातातलं काम बाजूला ठेवून विचारलंत, "कुठल्या महिन्यात जायलीस? पाण्याच्या कुठल्या अंगाला उभारणार?" माझ्या हौसेकडे कुणीतरी काम म्हणून बघतंय, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं. मला आभार मानायचेत ते मुख्यतः याचे.

आपल्या जिल्ह्यात वर्षभरात साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. भंडारदऱ्याजवळच्या घाटघरला एकट्या जुलैत याहून कितीतरी जास्त पडतो. तो पाऊस काय असतो, हे आपल्याला बघून माहीत नसतं. जुलै-ऑगस्ट नको, सप्टेंबरात पाणीही असतं आणि डोंगरही जरा शांत होतो, हे तुम्हीच ठरवून टाकलंत. आणि त्याआधी मला नळदुर्गला पाठवलंत. बोरी नदी भरली की किल्ल्यातल्या बंधाऱ्यात बांधलेल्या पाणीमहालाच्या भिंतीवरून नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळतात, ते बघायला आपण सगळेच लहानपणापासून जातो. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला तो बंधारा. पण तिथं तिपाई लावून, शटर बदलत बदलत एकच पाणी पुन्हा पुन्हा टिपायचं, हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

तुम्ही दिलेला सहा स्टॉपचा, म्हणजे उजेड सहा वेळा निम्मा करणारा, एनडी फिल्टर लावला की सेकंदाच्या साठाव्या भागाचा शटर सरळ एका सेकंदावर जातो, हे तुम्ही कागदावर मांडून दाखवलंत. पण त्याहून मोलाची होती तुमची ताकीद: पाण्याचा कापूस करायचा नाही. मोठ्या प्रवाहाला पाव सेकंद पुष्कळ झाला, पाण्याचा जोर दिसला पाहिजे. मला हे शंभर टक्के पटतं. सगळीकडे दिसणाऱ्या त्या गुळगुळीत पांढऱ्या फोटोंमधून धबधब्याचा आवाजच निघून गेलेला असतो. ओल्या कातळावरची चकाकी मारायला पोलरायझर, ढगाळ उजेडात काम, पांढरं पाणी जळू नये म्हणून दर फोटोनंतर हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, बघणं, तिपाईचा मधला दांडा वर न काढणं, हे सगळं नळदुर्गला हाताला आपोआप येत गेलं.

सामानाचंही तुम्हीच बघितलंत. भरलेली सॅक पाठीवर घेऊन पहाटे कंबर तलावाच्या बाजूनं चालायला लावलंत. सोलापुरी चादर घ्यायची नाही, एकदा भिजली की तिथल्या हवेत वाळत नाही, असं सांगितलंत. काकूंनी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून दिली. त्या भाकरीला चूल लागत नाही आणि ती दमट हवेतही डब्यात टिकली, एवढं त्यांना मुद्दाम सांगा. जळवांसाठी मिठाची पुरचुंडी होती, तीही कामाला आली. आणि तुम्ही साठवलेल्या, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या! आपल्याकडच्या कोरड्या हवेत लेन्सला फंगस सहसा धरत नाही, त्यामुळं आपण गाफील असतो, असं तुम्ही म्हणालात. कोकणातून, घाटमाथ्यावरून आलेल्या लेन्स तुम्ही उघडून बघितल्या आहेत, म्हणून ते मनावर ठसलं.

आता खरी गोष्ट. भंडारदरा धरणाजवळच्या शेंडी गावाहून जलाशयाच्या कडेनं रतनवाडीकडं चालत निघाले होते. वाटेतल्या एका ओढ्यात खाली उतरून छोट्या धबधब्यासमोर तिपाई लावली. वर निरभ्र नाही, पण पाऊसही नव्हता. काम छान चाललं होतं. मग पाण्याचा रंग बदलला. आधी जरासा, चहासारखा नाही, नुसता मातकट. त्यात काटक्या आणि पाला यायला लागला. तुम्ही म्हणाला होतात, "आपल्या डोक्यावर पाऊस नसला तरी डोंगरावर असतो. पाणी गढूळ झालं की फोटो पुरा करायला थांबायचं नाही, तिपाई न मिटता उचलायची आणि वर यायचं." मी तेवढंच केलं. वर येऊन बसले आणि बघत राहिले. थोड्या वेळानं मी ज्या दगडावर उभी होते, तो दिसेनासा झाला. काका, तो फोटो अर्धाच राहिला आणि मला त्याचं काहीही वाटत नाही. सांदण दरीच्या अरुंद घळीच्या बाजूला पावसात फिरकायचंसुद्धा नाही, असं तुम्ही का दटावलं होतंत, तेही तिथं बसून कळलं.

रात्री रतनवाडीत एका घराच्या अंगणात, विचारून, तंबू ठोकला. पाण्यापासून लांब आणि उंचावर. अमृतेश्वराचं देऊळ पहाटे धुक्यात होतं. रतनगडावर उगम पावणारी प्रवरा तिथं अगदी लहान असते, तिचे फोटो मला सगळ्यांत आवडलेत.

आईशी तुम्ही काय बोललात, ते मला अजून नीट माहीत नाही. एवढं कळलं की मी कुठून कुठं जाणार, कुठं झोपणार आणि सकाळी किती वाजेपर्यंत निरोप यायला हवा, तो कागद तुम्ही तिच्यासमोर वाचलात आणि एक प्रत दुकानात ठेवलीत. निरोप आला नाही तर आधी कुणाला फोन करायचा, हेही त्यावर होतं. तिथं रेंज मोठ्या मुश्किलीनं मिळते. माझा मेसेज पोचला तेव्हा तुम्ही दुकान नेहमीपेक्षा लवकर उघडून बसला होतात, हे आईनं सांगितलं. त्यासाठी काय लिहू?

कॅमेरा तुमच्या सांगण्याप्रमाणे घरी आल्यावर लगेच बाहेर काढला नाही, बॅग बंदच ठेवली. लेन्स स्वच्छ आहे. तरी एकदा तुमच्या नजरेखालून घालायचीच आहे.

फिल्टर आणि तिपाई शनिवारी आणते. माझ्यासोबत ऑफिसातली एक मुलगी येईल. तिला आंबोलीला जायचंय, एकटीनं, आणि तिला सगळे "सांभाळून जा" म्हणतायत. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा येतो. तिच्यासाठी जरा वेळ काढून ठेवा.

काकूंना नमस्कार.

तुमची,
विजापूर रोडची पोरगी