पाच कल्पना पाठवाच

महोदय,

शाळकरी मुलांच्या नव्या वैज्ञानिक कल्पनांसाठी असलेल्या केंद्र सरकारच्या इन्स्पायर-मानक योजनेत शाळेला सहावीपासूनच्या विद्यार्थ्यांच्या ५ कल्पना ऑनलाइन पाठवता येतात. निवड झाली की मॉडेलसाठी १०,००० रुपये थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतात. आपल्या विदर्भातल्या खेड्यांतील शाळांनी ही संधी अजिबात सोडू नये.

इंटरनेटवरून उचललेली कल्पना टिकत नाही, कारण नावीन्यच तपासले जाते. त्यापेक्षा मुलांना पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या शेतात न्या. वाळलेल्या बोंडाची टोके कापूस वेचणाऱ्या बाईच्या नखांच्या कडेला रुततात. कमरेला बांधलेली कापसाची ओटी भरत जाते तसा सगळा भार कमरेवर येतो. तो खांद्यांवर कसा घेता येईल? इथून कल्पना सुरू होते. अडचण कोणाची, सध्या काय करतात, आपले नवे काय, एवढे मोजक्या वाक्यांत लिहावे. सोबत हाताने काढलेली, भागांची नावे दिलेली आकृती हवी. शब्द मुलाचेच राहू द्या. गुरुजींची पुस्तकी भाषा लगेच ओळखू येते.

आणि बँकेचे काम जुलैतच उरका. खाते आधारला जोडलेले नसले किंवा आधार आणि पासबुकावरचे नाव जुळत नसले, तर निवड होऊनही पैसे अडकतात.

– एक विज्ञान शिक्षक, जि. यवतमाळ