मनूस पत्र: वाईट बातमी पहिल्या ओळीत लिही

नाशिक,
रविवार

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, साहेबांना राग येणार नाही अशा बेतानं हे कसं लिहू?" तुझी मीटिंग लागली होती, म्हणून बोलणं अर्धवट राहिलं. तू पाठवलेला मेलचा मसुदा मी नीट वाचलाय. आयुष्यभर फॅक्टरीच्या लॅबमध्ये रिपोर्ट लिहिण्यात आणि वाचण्यात गेलं, त्यामुळे या विषयावर मला थोडक्यात बोलता येत नाही. सवडीनं वाच, पण उद्या सकाळच्या आत वाच.

तुझ्या मेलचा विषय आहे ‘टेस्ट रिपोर्टबाबत’. पुढे ‘आपण कुशल असाल अशी आशा आहे’. मग टेस्ट कोणत्या मशीनवर घेतली, कोणत्या स्टँडर्डप्रमाणे घेतली, कॅलिब्रेशन कधी झालं होतं, हे सगळं. त्याच्या खाली ‘बहुतांश निकाल समाधानकारक असून काही सॅम्पलमध्ये थोडी तफावत आढळली आहे’. आणि शेवटी ‘प्लीज डू द नीडफुल’.

ही ‘थोडी तफावत’ म्हणजे काय, ते तू फोनवर सांगितलंस म्हणून मला कळलं. 30 होजपैकी, म्हणजे रबरी नळ्यांपैकी, 4 होज प्रेशर देताच क्रिम्पिंगमधून, म्हणजे टोकाच्या दाबून बसवलेल्या धातूच्या जोडातून, निसटल्या. ब्रेकच्या होज आहेत या, मनू. आणि लॉट शुक्रवारी निघणार आहे.

तुझे साहेब माणूस म्हणून चांगले आहेत, असं तूच सांगतेस. पण ते हा मेल मोबाइलवर, बहुधा लाइनवर उभ्या उभ्या वाचणार. ‘समाधानकारक’ हा शब्द दिसला की पुढच्या मेलवर जाणार. त्यात त्यांचा दोष नाही. तू त्यांना थांबण्याचं कारणच दिलेलं नाहीस.

कल्पना चावला गेली तेव्हा तुझा जन्मही झाला नव्हता. 1 फेब्रुवारी 2003. कोलंबिया यान उतरायला सोळा मिनिटं राहिली होती, तेव्हा ते टेक्सासच्या आकाशात तुटलं आणि सातही जण गेले. टीव्हीसमोरून मला उठवत नव्हतं. पुढे चौकशी मंडळाचा अहवाल आला, तेव्हा त्यातला एक भाग मी लॅबमधल्या सगळ्यांना वाचून दाखवला होता. तो भाग होता एका स्लाइडबद्दल.

16 जानेवारीला यान सुटलं. 82व्या सेकंदाला बाहेरच्या टाकीवरचा फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. दुसऱ्या दिवशी फिल्म पाहताना ते लक्षात आलं. यान अजून दोन आठवडे वर फिरणार होतं, म्हणजे विचार करायला वेळ होता. बोइंगच्या इंजिनिअरांनी हिशोब केला आणि नासासाठी स्लाइड तयार केल्या. त्यातल्या एका स्लाइडच्या मथळ्याचा अर्थ असा होता की, टेस्टचा डेटा पाहता आपला अंदाज सावध बाजूचाच आहे. वाचणाऱ्याला वाटणार, चला, काळजीचं कारण नाही. त्याच्या खाली मुद्दे, उपमुद्दे, त्यांचेही उपमुद्दे. अगदी तळाला, सगळ्यात बारीक अक्षरात एक ओळ होती: फोमच्या भागाचं आकारमान 1,920 घनइंच, टेस्टमध्ये वापरलेल्या तुकड्याचं 3 घनइंच.

लिटरमध्ये करून बघ. 3 घनइंच म्हणजे साधारण 50 मिली, जेमतेम अर्धी कटिंग. 1,920 घनइंच म्हणजे 31 लिटरच्या वर, ऑफिसातले पाण्याचे दीड जार. 640 पटींचा फरक! याचा अर्थ ज्या टेस्टच्या जिवावर मथळा धीर देत होता, ती टेस्ट या प्रसंगाला लागूच नव्हती. इंजिनिअरांना ते माहीत होतं आणि त्यांनी ते लपवलंही नाही, लिहिलं. पण अशा जागी लिहिलं की निर्णय घेणारा माणूस तिथवर पोहोचायच्या आत त्याचं मत तयार झालेलं असणार. त्याच स्लाइडवर ‘लक्षणीय’ या अर्थाचा शब्द पाच वेळा आला होता आणि दर वेळी त्याचं माप वेगळं होतं. एखाद्या वरिष्ठाला ही स्लाइड वाचून जिवावरचा प्रश्न आहे हे कळलं नसेल तर नवल नाही, असंच मंडळानं म्हटलं. अपघातानंतर जुलैमध्ये टेक्सासमध्येच तसाच फोमचा तुकडा पंखाच्या पुढच्या कडेच्या पॅनेलवर डागून पाहिला, तर चाळीस सेंटिमीटरच्या आसपास भोक पडलं.

आता तुझा मेल पुन्हा वाच. ‘समाधानकारक’ वर, होज खाली.

त्याच अहवालातली आणखी एक गोष्ट मला जास्त लागते. नासात रॉडनी रोशा नावाचे इंजिनिअर होते. यानाचे फोटो काढण्यासाठी बाहेरच्या संस्थांची मदत मागावी, विनवण्या करून मागावी, असं त्यांनी मेलमध्ये लिहिलं. ती मागणी वर जाता जाता बंद झाली. तेव्हा त्यांनी दुसरा मेल लिहिला: हा निर्णय चुकीचा आहे, बेजबाबदारपणाच्या काठावरचा आहे, भिंतींवर ‘सुरक्षित नसेल तर तसं सांगा’ अशी पोस्टर आपणच लावली आहेत ना, मग हे तितकंच गंभीर आहे. इतकं स्वच्छ लिहिलं, आणि तो मेल पाठवला नाही. प्रिंट काढून एका सहकाऱ्याला दाखवला. वरिष्ठांना ओलांडून जायचं कसं, हा संकोच आडवा आला. मी त्यांना नावं ठेवणार नाही. आपल्याकडे तर हा संकोच लहानपणापासून अंगात भिनवतात, मोठ्यांना उलट बोलू नये म्हणून. मीही तुला तेच शिकवलं. पण मोठ्यांना धोका दाखवणं म्हणजे उलट बोलणं नव्हे.

तेव्हा मेल असा लिही. इंग्रजीत तू करशीलच, मी मजकूर सांगते.

विषय: शुक्रवारचा डिस्पॅच होल्ड करावा, ब्रेक होजचे 30 पैकी 4 सॅम्पल नापास.

"सर, मंगळवारच्या दुसऱ्या शिफ्टच्या लॉटमधल्या 30 पैकी 4 होज प्रेशर टेस्टमध्ये क्रिम्पिंगमधून निसटल्या. हा लॉट शुक्रवारी जाऊ नये, असं माझं मत आहे. चारही होज एकाच क्रिम्पिंग मशीनवरच्या आहेत. डाय झिजली आहे की सेटिंग हललंय, हे अजून कळलेलं नाही, उद्या दुपारपर्यंत तपासून सांगते. लॉट होल्ड करायला आपली मंजुरी हवी आहे, शक्यतो आज संध्याकाळपर्यंत. फोटो आणि पूर्ण रिपोर्ट सोबत जोडला आहे."

बस. मशीन, स्टँडर्ड, कॅलिब्रेशन, सगळं जोडलेल्या रिपोर्टमध्ये जाऊ दे. यात कुणावर आरोप नाही, ‘सर’ आहे, ‘आपली मंजुरी’ आहे, अदब कुठेच सुटलेली नाही. काय झालं, तुला काय वाटतं, काय अजून माहीत नाही आणि त्यांनी केव्हापर्यंत काय करायचं, हे मात्र स्क्रीन न सरकवता दिसतं. ‘माहीत नाही’ लिहायला बिचकू नकोस. ते वाक्य गाळलं की लोक तिथे आपल्या सोयीचा अंदाज भरतात. आणि सीसीमध्ये अर्ध्या कंपनीला घालू नकोस. तुझे साहेब, डिस्पॅचवाले आणि प्रॉडक्शनचे इन्चार्ज पुरेत.

एक वेगळी गोष्ट, पण सांगते. मशीनवर लावलेल्या सूचनेचा फोटो तू पाठवला होतास ना, ‘एन्शुअर प्रॉपर क्रिम्पिंग’? ऑपरेटर पोरं मराठवाड्यातली, काही बिहारची. त्यांनी त्यातून काय समजायचं? ‘शिफ्ट सुरू होताना पहिल्या पाच होजचा क्रिम्प व्यास मोजा. मापात नसेल तर मशीन थांबवा आणि इन्चार्जला बोलवा.’ असं मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरात लाव. व्यासाचं माप आकड्यात घाल.

आता तू म्हणशील, एवढं स्वच्छ लिहूनही ऐकलं नाही तर? तसंही होतं. नासाच्याच चॅलेंजर यानाच्या वेळी तसंच झालं. यानाचे बूस्टर रॉकेट बनवणाऱ्या कंपनीतले इंजिनिअर रॉजर बोइस्जोली यांनी 31 जुलै 1985 ला आपल्या व्हाइस प्रेसिडेंटना पत्र लिहिलं. बूस्टरच्या सांध्यातल्या ओ-रिंगचा, म्हणजे गळती रोखणाऱ्या रबरी कड्यांचा, प्रश्न किती गंभीर आहे हे व्यवस्थापनाला पूर्ण कळावं म्हणून हे पत्र, हे पहिल्याच वाक्यात. पुढे जीवितहानीचा स्पष्ट उल्लेख. उड्डाणाच्या आदल्या रात्री फोनवरच्या बैठकीतही इंजिनिअरांनी एवढ्या थंडीत रबर कडक होतं, यान सोडू नका म्हणून सांगितलं. कंपनीच्या वरिष्ठांनी ते बाजूला सारलं. 28 जानेवारी 1986 ला उड्डाणानंतर 73 सेकंदांत यान गेलं, सात माणसं गेली. म्हणून मेल पाठवला की आपलं काम झालं, असं मानून बसू नकोस.

उद्या आधी साहेबांना फोन कर, दोन वाक्यांत सांग, मग लगेच मेल टाक. फोनवर ते ‘बघू’ म्हणाले, तर मेलच्या वर ‘आत्ता फोनवर बोलल्याप्रमाणे’ एवढं लिही. संध्याकाळपर्यंत उत्तर नाही आलं, तर निसटलेली एक होज हातात घेऊन केबिनमध्ये जा आणि टेबलावर ठेव. तेव्हाही नाही म्हणाले, तर प्लांट क्वालिटी हेडना लिहायचं, साहेबांना सीसीत ठेवून, त्यांच्या पाठीमागे नाही. हे करताना नोकरीची भीती वाटली, तर रात्री कितीही वाजता फोन कर, मी जागी असेन. पण लॉट थांबव.

फोटो काढताना होजशेजारी स्टीलची पट्टी ठेव आणि लॉट नंबरचं लेबल फ्रेममध्ये येऊ दे. मेल गेला की मला कळव.

तुझी,
आई