डॉक्टर मॅडम, तुम्ही ह्यांना विचारलंत म्हणून

डॉक्टर मॅडम,

त्या दिवशी तुमच्यासमोर रडले आणि थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं, म्हणून हे लिहितेय. स्लीप अ‍ॅप्नियासाठी, म्हणजे झोपेत श्वास अडण्याच्या त्रासासाठी, मशीन लावून झोपायला लागून तीन महिने झाले तरी तो दिवस आठवला की घसा दाटून येतो.

सहा वर्षं मी सांगत होते की आठ तास झोपूनही सकाळी डोकं जड असतं, अंग मोडून आलेलं असतं, दुपारी कामात डोळे मिटतात, एकदा तर सिग्नलला गाडी चालवताना डुलकी लागली. एकाने सांगितलं पाळी जायचे दिवस आहेत, असं होणारच. दुसऱ्याने सांगितलं टेन्शन घेऊ नका. तिसऱ्याने झोपेच्या गोळ्या दिल्या, आणि अशा काही गोळ्यांनी हाच त्रास वाढू शकतो हे मला तुमच्याकडून कळलं. राग येतो हो, अजून येतो. माझे हे दर वेळी बाजूच्या खुर्चीत बसलेले असायचे, रात्री माझ्याशेजारी असणारं माणूस तेच, आणि त्यांना एकानेही काही विचारलं नाही.

तुम्ही विचारलंत. माझं बोलून झाल्यावर खुर्ची त्यांच्याकडे वळवलीत आणि म्हणालात, "आता तुम्ही सांगा, रात्री काय ऐकू येतं?" हे आधी माझ्याकडेच बघत राहिले, कारण बायको घोरते हे बाहेर बोलायचं नाही असं आमचं न बोलता ठरलेलं. मग हळूच म्हणाले, घोरणं मधेच बंद पडतं, काहीच आवाज येत नाही, मग एकदम गुदमरल्यासारखा श्वास घेते. किती वेळ बंद, ते त्यांना सांगता येईना. तेव्हा तुम्ही मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलंत आणि म्हणालात, सगळे गप्प बसू, तेवढा वेळ झाला की थांबा म्हणा. खोलीत नुसता पंख्याचा आवाज. ह्यांनी थांबा म्हटलं तेव्हा 28 सेकंद झाले होते. "आम्ही 10 पासूनच मोजतो," एवढंच बोललात तुम्ही. मी मात्र ह्यांच्याकडे बघत होते, किती रात्री हा माणूस अंधारात माझ्या श्वासाची वाट बघत पडून राहिला असेल.

मग टेस्ट झाली, माझा श्वास झोपेत तासाला 34 वेळा अडतो असं निघालं. झोपेत घसा सैल पडून हवेची वाट बंद होते, ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून जागं करतो आणि सकाळी आपल्याला त्यातलं काही आठवत नाही. मलाच का, म्हणून मी रडले तर तुम्ही 1993 सालचा अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचा अभ्यास सांगितलात, 30 ते 60 वयाची 602 नोकरदार माणसं तपासली तर शंभरात 24 पुरुष आणि 9 बायकांचा श्वास झोपेत तासाला पाच किंवा जास्त वेळा अडखळत होता. तिथल्याच पुढच्या अभ्यासात मध्यम ते तीव्र त्रास असलेल्या बायकांपैकी 93 टक्के जणींचं निदानच झालेलं नव्हतं. ते ऐकून मला आधी बरं वाटलं आणि मग फार वाईट वाटलं, कारण त्या सगळ्या जणींनाही कोणीतरी टेन्शन घेऊ नका म्हटलं असणार. ऑस्ट्रेलियातल्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी या सीपॅपबद्दल, म्हणजे हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणाऱ्या माझ्या या मशीनबद्दल, 1981 मध्येच लिहिलं होतं आणि मला सहा वर्षांत कोणी नावसुद्धा सांगितलं नाही.

तुम्ही हुशार आहातच, पण दुसऱ्या खुर्चीतल्या माणसालाही काही माहीत असेल असं वाटणं, त्याला शब्द सापडेपर्यंत थांबणं, हे तुमच्या स्वभावातलं आहे आणि त्यासाठी मी तुम्हाला मनापासून हात जोडते. अशी माणसं भेटली की आपण उगाच कुरकुर करत नव्हतो हे पटतं.

हे अजूनही कधीकधी मध्यरात्री जागे होतात. म्हणतात, सवयीने मोजायला लागतो, पण चारच्या पुढे जातच नाही, तुझा श्वास येतो आणि मला झोप लागते.