फोंड्याच्या वाइंडरकाकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

नाव छापलेलं तुम्हाला आवडायचं नाही, म्हणून नुसतं 'काका', जळक्या मोटरी पुन्हा तारांनी भरून देणारे वाइंडर. गोव्यातल्या फोंडा तालुक्यात ज्याच्या कुळागराचा, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेचा, पंप एकदा तरी जळाला आहे, तो तुम्हाला ओळखतो. पत्र कुणाला लिहिलंय हे वेगळं सांगावं लागणार नाही.

आमच्या वाचनालयाचा 16 मिलिमीटरचा प्रोजेक्टर पुन्हा चालू झाला. समितीने आभाराचा ठराव केला, पण इतिवृत्तात 'मोटर दुरुस्त करून दिल्याबद्दल' एवढीच ओळ आली. तुम्ही नक्की काय केलंत, त्यातलं काहीच त्या ओळीत नाही. ते लिहून ठेवायला हवं असं मला वाटलं.

तुमच्याआधी ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांचा सल्ला एकच होता: ही मोटर काढून टाका, नवी बसवा, वेग आवरायला सर्किट लावा. एका गृहस्थांनी तर दिवाणखान्यात शोभेला ठेवायला अख्खं यंत्रच विकत मागितलं. तुम्ही मात्र आधी सांगून टाकलंत, की सिनेमाचं यंत्र मी कधी उघडलेलं नाही. मग मोटरवरची पट्टी भिंगातून वाचलीत. 110 व्होल्ट, एसी/डीसी. 'ही तर मिक्सरची थोरली बहीण,' असं म्हणून पाना हातात घेतलात.

त्या 'एसी/डीसी'वरून तुम्ही आमची निम्मी काळजी मिटवलीत. यंत्र अमेरिकेचं. तिथली वीज सेकंदाला 60 सायकलची, आपली 50 ची. सायकलप्रमाणे वेग धरणारी इंडक्शन मोटर असती तर सेकंदाला 24 ऐवजी 20 चित्रं सरकली असती, माणसं घशात बोळा घातल्यासारखी बोलली असती आणि पुली बदलावी लागली असती. पण एसी-डीसी दोन्हींवर चालणाऱ्या या युनिव्हर्सल मोटरला सायकलचं सोयरसुतक नाही. तिला फक्त तिचे 110 व्होल्ट द्यायचे, बाकी वेग तो आवरणारा गव्हर्नर बघून घेतो.

मोटर उघडल्यावर जळका वास आला तेव्हा आम्ही आशा सोडली होती. आर्मेचर, म्हणजे मोटरचा तारा गुंडाळलेला फिरता भाग, नव्याने भरावं लागणार, असंच सगळे धरून चालले होते. तुम्ही त्याच्या टोकाचं तांब्याच्या पट्ट्यांचं कडं, कॉम्युटेटर, हातात फिरवलात आणि दोन शेजारशेजारच्या पट्ट्यांवरच काळा डाग आहे हे दाखवलंत. मग मल्टिमीटरच्या सुया एका पट्टीवरून दुसरीवर अशा सरकवत नेल्यात. सगळीकडे आकडा सारखा, आणि डागापाशी एकदम वर. 'मोटर बरी आसा, तार तुटल्या.' कॉइल जळालेलीच नव्हती. तिचं टोक पट्टीच्या डाखापाशी सुटलं होतं, आणि दर फेऱ्याला तिथे ठिणगी पडून तांबं भाजत होतं. सगळं वाइंडिंग उचकटून नवं भरण्याचे पैसे तुम्हाला सहज घेता आले असते. आम्हाला काय कळणार होतं? तुम्ही एक डाख दिलात, त्यावर वॉर्निश लावलंत आणि आर्मेचर बल्बच्या उबेला सुकत ठेवलंत.

त्यानंतरचं काम मला सर्वांत आवडलं, कारण ते कुणाच्या नजरेत येण्यासारखं नव्हतं. तांबं झिजून पट्ट्यांमधला अभ्रक वर आला होता. हॅक्सॉच्या पात्याचा तुकडा घासून तुम्ही तो एकेका फटीतून खाली उतरवलात. आमच्यातल्या एकाने एमरी पेपर पुढे केला तर तुम्ही त्याचा हात धरलात, कारण त्याची कणी वीज वाहते आणि फटीत अडकून बसते. बारीक काचपेपरच पाहिजे. पट्ट्यांना टेकून वीज पोचवणारे या मापाचे कार्बन ब्रश बाजारात मिळत नाहीत, म्हणून मोठ्यातून घासून केलेत. वर तोच काचपेपर कॉम्युटेटरवर खरखरीत बाजू बाहेर करून गुंडाळलात आणि ब्रशच्या तोंडाला त्याची गोलाई येईपर्यंत आर्मेचर हाताने फिरवत बसलात. दुकानात तेव्हा गणेशचवथीच्या आधीची गर्दी, मिक्सरांची रांग लागलेली, आणि तुमचं लक्ष त्या बोटभर कार्बनवर. रांगेतल्या बायका काय म्हणत होत्या ते इथे लिहीत नाही.

गव्हर्नर तुम्हाला नवा होता, पण तो कसा चालतो हे तुम्ही आम्हालाच समजावलंत. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात, वीज जोडणारे पॉइंट सुटतात, प्रवाह रेझिस्टरमधून वळतो आणि मोटर मंदावते. मंदावली की पॉइंट पुन्हा चिकटतात. पॉइंट खडबडीत झाले होते, ते साफ केलेत. त्यांच्यावरचा ठिणगी शमवणारा जुना कागदी कंडेन्सर गळका होता, तो बदललात. दांडा ज्यांत फिरतो त्या बुशांतलं तेल डिंकासारखं घट्ट झालं होतं. समुद्राजवळच्या दमट हवेत, बंद पेटीत, दुसरं काय होणार?

मग तुम्ही विचारलंत, 'सेकंदाला 24 म्हणता, पण मोजणार कसं?' उत्तरही तुम्हीच काढलंत. 16 मिलिमीटरच्या फुटात 40 चित्रं, म्हणजे मिनिटाला 36 फूट. कोऱ्या फिल्मवर 36 फुटांवर खूण केलीत, दिवा बंद ठेवून ती यंत्रातून सोडलीत आणि नातवाच्या मोबाईलवर वेळ लावलीत. खूण मिनिटाच्या आत बाहेर पडली की गव्हर्नरचा स्क्रू किंचित फिरवायचा, पुन्हा सोडायची. जवळपास आलं असतं तरी आम्ही खूश होऊन निघालो असतो. तुम्ही सोडलं नाहीत.

त्या हट्टाचं मोल पडद्यावर कळलं. फिल्म्स डिव्हिजनचा जुना माहितीपट लावला होता. निवेदकाचा आवाज पहिल्या वाक्यापासून सरळ, संगीत कुठे लडखडलं नाही. दिव्याला वारा घालणारा पंखाही याच मोटरवर आहे. ती अडखळली असती तर दिव्यासमोरच्या झरोक्यात थांबलेली फिल्म तापून फोड येऊन गेली असती, आणि ती प्रत आम्हाला पुन्हा कुठून मिळणार होती?

2004 पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पणजीत भरतो. सिनेमावर बोलणारी माणसं आपल्याकडे दर नोव्हेंबरला भरपूर येतात, आणि यावीतच. पण प्रोजेक्टर बंद पडला तेव्हा आमच्या कामाला आलं ते पंप-मिक्सरचं दुकान. तालुक्यातल्या शाळांत, वाचनालयांत अशी यंत्रं कपाटावर पडून असतील, तर त्यांनी ती भंगारात घालण्याआधी एखाद्या वाइंडरला दाखवावीत.

तुमच्या सूचना पाळतोय. 110 ची पिन वेगळ्या आकाराची केली आहे, त्यामुळे ती आता भिंतीतल्या 230 च्या सॉकेटमध्ये जातच नाही. 230 चे 110 करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर लाल रंगाने लिहिलंय. ब्रशची जादा जोडी पेटीत आहे. महिन्यातून एकदा यंत्र फिल्मशिवाय फिरवतो.

राहता राहिलं बिल. तुम्ही ब्रश, कंडेन्सर आणि डाखाचे पैसे लावलेत, मजुरीचा रकाना कोरा ठेवलात. समितीला हे मान्य नाही. खजिनदार शनिवारी दुकानात येतील, रकाना भरून घेतील आणि पावतीवर सही मागतील. त्यांच्याबरोबर रसबाळी केळ्यांची फणी पाठवतोय, ती हिशेबात धरू नये.

आपला,
वाचनालयाचा कार्यवाह