पाण्यावर दिवा सोडण्याआधी

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या मैत्रिणीच्या घरच्यांनी चीनमधल्या दाली भागात, एरहाय तलावाकाठच्या त्यांच्या गावी पितरांच्या सणाला बोलावलंय, आणि पाण्यात सोडायचे कमळदिवे तुलाही करायचेत, हे वाचून फार बरं वाटलं. 'बाई' हे तिथल्या जमातीचं नाव, अर्थ पांढरा. पितरांच्या जेवणाला त्यांनी बाहेरचं माणूस बोलावलंय, तेव्हा तयारीने जा.

चिनी पंचांगाचा सातवा महिना यंदा, २०२६ मध्ये, १३ ऑगस्टला लागतो. त्याच दिवशी पितर घरी आले असं मानून त्यांची जागा मांडतात, आणि मग रोज घरच्यांच्या आधी त्यांच्यापुढे जेवण ठेवतात. चीनमध्ये बऱ्याच ठिकाणी पंधरावा दिवस मुख्य. दालीकडे निरोप चौदाव्याला, म्हणजे २६ ऑगस्टला. आपली नारळी पौर्णिमा दोनच दिवसांनी येते. तू २५ तारखेलाच जा, कारण दिवे आणि कागदी पुडकी आदल्या दिवशी होतात.

पुडक्याला 'बाव' म्हणतात. कागदी पाकिटात खोट्या नोटा आणि चंदेरी कागदाच्या घड्या घालून केलेल्या, होडीसारख्या खोट्या चांदीच्या लगडी भरतात. पाकिटावर उभ्या ओळीत मधोमध पूर्वजाचं नाव आणि डावीकडे पाठवणाऱ्याचं. नाव लिहायचं काम घरच्यांचंच. तू घड्या घाल. घडी मध्ये फुगलेली राहायला हवी. दाबून सपाट केली तर कागद एकमेकांना चिकटतात, आतपर्यंत हवा जात नाही आणि मधला भाग न जळता काळा राहतो. जाळताना ढीग काठीने सारखा ढवळू नये. अर्धवट जळलेलं पुडकं पोचत नाही, अशी त्यांची भावना आहे.

आता दिवा. इथे घाई करू नकोस.

तळाला १५ सेंटिमीटर चौकोनी, २ सेंटिमीटर जाड, हलक्या लाकडाची फळी घे. अशी फळी साधारण २०० ग्रॅम भरते आणि जवळपास तेवढंच वजन आणखी पेलते, म्हणजे मेणबत्ती आणि कागद सहज. पुठ्ठा वापरणार असाल तर त्याच्या कापलेल्या कडा वितळलेल्या मेणात बुडवून बंद करा. पुठ्ठा पाणी पितो तो कडेतून. वरून कितीही मेण लावलं तरी कड उघडी राहिली की पंधरा-वीस मिनिटांत तो एका बाजूने बसतो.

क्रेप कागदाच्या पाकळ्या तीन ओळींत आठ-आठ, बाहेरच्या १० सेंटिमीटर उंच, बाहेर कललेल्या. खळीने चिकटवू नकोस, ओल लागली की खळ सुटते आणि फूल पाण्यावर उकलून जातं. बुंध्याशी दोरा गुंडाळून बांध आणि वर मेणाचे थेंब सोड. मेण फक्त खालच्या तिसऱ्या भागाला लाव. सगळी पाकळी मेणात बुडवली तर एकदा ज्योत लागली की अख्खा दिवा मशालीसारखा पेटतो. ज्योतीपासून पाकळीपर्यंत चारही बाजूंनी किमान ५ सेंटिमीटर मोकळे ठेव.

मेणबत्ती बुटकी आणि जाड, ३ सेंटिमीटरची पुरे. उंच मेणबत्तीने तोल जातो, दिवा पहिल्याच लाटेला कलंडतो. फळीच्या बरोबर मध्यावर चमचाभर वितळलेलं मेण ओत आणि ते पांढुरकं व्हायला लागलं की मेणबत्ती त्यात दाबून तीस आकडे मोजेपर्यंत धरून ठेव. गरम असतानाच सोडलीस तर ती सरकते. मग बादलीत तरंगवून बघ. एक कोपरा खाली जात असेल तर मेणबत्ती काढून विरुद्ध बाजूला बोटभर सरकव.

ऑगस्ट म्हणजे तिथे पावसाचे दिवस. दिवे शेवटच्या क्षणापर्यंत प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. भिजल्यावर क्रेप कागदाचा रंग ओघळतो आणि पाकळ्या माना टाकतात. तलाव समुद्रसपाटीपासून सुमारे १९७० मीटरवर आहे, संध्याकाळी गार होतं, स्वेटर ने.

पेटवल्या पेटवल्या पाण्यात ठेवू नकोस. दोन मिनिटं थांब, वातीभोवती मेणाचं तळं साचू दे. त्याआधीची ज्योत एका झुळकीने जाते. वारा तुझ्या पाठीमागून पाण्याकडे वाहतोय अशा जागी बस. समोरून वारा असेल तर दिवे परत काठाला, लव्हाळ्यात येऊन अडकतात आणि तिथेच पेट घेतात. दोन्ही हातांनी, फळीला खालून धरून पाण्यावर टेकव. ढकलू नकोस, दिव्यामागे पाण्यात तळहाताने हलकेच एक वल्हा मार. आपल्याकडे पंचगंगेच्या घाटावर द्रोण सोडतात तो प्रवाह वाहून नेतो. इथे तलावाला तशी ओढ नाही, जे काम करायचं ते वाऱ्याने.

एरहायच्या संरक्षणाचे नियम कडक आहेत. २०१७ मध्ये प्रदूषणापायी काठावरची कितीतरी अतिथिगृहं बंद करायला लावली होती. त्यामुळे गावातली मोठी माणसं सांगतील तिथेच आणि तेवढेच दिवे सोड, तारा आणि प्लॅस्टिक वापरू नकोस, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काठाला लागलेल्या फळ्या वेचायला त्यांच्याबरोबर जा.

जेवताना भातात जेवायच्या काड्या (चॉपस्टिक) उभ्या खोचू नकोस. तसं मृतांसाठी करतात. पितरांच्या ताटाला हात लावण्याआधी घरच्यांकडे बघ.

हातात काही न्यायचं तर फळं ने. आजोबांच्या नावाने एखादा दिवा सोडावासा वाटला, तर आधी मैत्रिणीच्या आजीला विचार. त्या हो म्हणाल्या तर त्यांचे दिवे गेल्यावर, शेवटी सोड.

तुझे
आई-बाबा