तो घड्याळाचा सीन नाटकात कसा करणार?

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत सुरुवातीच्या बोलपटांवरचा लेख वाचला, त्यात म्हटलंय की तेव्हाच्या प्रेमाच्या आणि लफड्यांच्या कॉमेड्या म्हणजे कॅमेऱ्यासमोर केलेली नाटकंच, हे मला अजिबात पटलं नाही. दिग्दर्शक एर्न्स्ट लुबिचचा १९३२ चा हॉलिवूडपट 'ट्रबल इन पॅरडाइज' बघा. प्रेयसी सोबत असतानाही एक चोर श्रीमंत मालकिणीकडे सेक्रेटरी म्हणून राहतो आणि तिच्यात गुंतत जातो, आणि त्या दोघांची संध्याकाळ आपल्याला दिसते ती फक्त घड्याळांवर, वेळ पुढे सरकत राहते, माणसं फ्रेममध्ये नाहीतच, नुसते आवाज येतात. हे स्टेजवर कसं जमणार? आवाज हाताशी आल्यावर काय दाखवायचं नाही हे लुबिचला बरोब्बर कळलं होतं. पुढे १९३४ पासून हॉलिवूडने सिनेमात काय दाखवायचं आणि काय नाही याची स्वतःचीच आचारसंहिता कडक केली आणि १९३५ मध्ये हा सिनेमा पुन्हा रिलीज करायला परवानगीच मिळाली नाही, मग कितीतरी वर्षं लोकांना तो बघायलाच मिळाला नाही. लेखकांना एकच विनंती, तेवढा सीन परत एकदा आवाज नीट ऐकत बघा.

– एक वाचक, पुणे