साइट उठतेय, पण नावं हवीत

गुहागर,
२२ जून

प्रिय संज्या,

दोन वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल आधी माफ कर. घरी सगळे बरे. आईचा गुडघा पावसात धरतो, एवढंच.

खेळ बनवणाऱ्यांना चित्रं, आवाज आणि नमुन्याचे खेळ वाटणाऱ्या आपल्या साइटचा तू ठेवलेला शेवटचा डंप, म्हणजे डेटाबेसची प्रत, काल उघडला. मराठीच्या जागी ओळीच्या ओळी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए. तुला खूण पटेल. अक्षरं साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट, आणि टेबलं लॅटिन-१ ची, म्हणजे एका बाइटला एक रोमन अक्षर दाखवणारी. म्हणजे बाइट तेच, वाचणं चुकतंय, मजकूर शाबूत आहे. डंप लोकल मशीनवर चढवला, तिथून लॅटिन-१ म्हणूनच पुन्हा काढला, एन्कोडिंग सांगणारी सेट नेम्सची ओळ वगळली, टेबलांच्या व्याख्येत यूटीएफ८एमबी४, म्हणजे पुरं यूटीएफ-८ केलं आणि परत आत घेतला. टेबल थेट बदलणारा ऑल्टर टेबलचा हुकूम दिला असता तर तो कचराच नव्या एन्कोडिंगमध्ये नीट जाऊन बसला असता. मध्ये दोनदा लाइट गेले, पण पहाटे ‘कोळ्याचं जाळं’चं वर्णन जसंच्या तसं वाचता आलं रे!

नमुन्याचे खेळ गोडो या खेळ बनवायच्या इंजिनाच्या ३ च्या आवृत्तीचे आहेत. ४ मध्ये हलत्या पात्राच्या कायनेमॅटिकबॉडी२डी चं कॅरेक्टरबॉडी२डी झालंय, कोडमध्ये वाट बघायला लावणाऱ्या यील्डच्या जागी अवेट. आपोआप रूपांतर बरंच करतं, पण पात्र हलवणारं मूव्ह अँड स्लाइड हाताने बघावं लागतं, कारण वेग आता बाहेरून द्यायचा नसतो, तो नोडचाच, म्हणजे त्या पात्राचाच गुण आहे. आणि ऐक, ४ मध्ये अक्षरं जुळवणारं हार्फबझ आहे. ऱ्हस्व वेलांटी जागेवर येते, जोडाक्षरं जुळतात. ३ मध्ये ती तुटायची म्हणून तू बटणांवरची मराठी चित्रं करून चिकटवलीस आणि आपण आठवडाभर बोललो नाही. तेव्हा दुसरा इलाज नव्हता. तुझंच बरोबर होतं.

खरा घोर परवान्यांचा आहे. एकेचाळीस फायलींपुढे नुसतं ‘फ्री’ लिहिलंय. फ्री म्हणजे फुकट की मुक्त? परवाना लिहिलेला नसेल तर सगळे हक्क करणाऱ्याचेच, आपण ती फाइल परत वाटू शकत नाही. शिमग्याच्या पालखीपुढचा तो ढोल घे. रेकॉर्ड तू केलास की बंड्याने? वाजवणाऱ्यांना विचारलं होतं का? आपला कोड जीपीएल ३ या मुक्त परवान्याखाली आहे. सीसी बाय-एसए ४.० ची, म्हणजे नाव देऊन त्याच अटींवर वाटायची चित्रं त्यात चालतात, २०१५ पासून ती वाट मोकळी आहे, पण एकाच दिशेने, उलट नाही. तुझी ती ‘विनाव्यापार’ची अट मात्र मला आजही मान्य नाही. तशी फाइल डेबियन ही मुक्त संगणक प्रणाली मुख्य भांडारात घेत नाही, आणि जो खेळ विकता येत नाही तो मुक्त कसला? यावर पुन्हा भांडायचं तर गणपतीला ये, मोदक खाऊन भांडू.

नाव सापडेपर्यंत ती एकेचाळीस मी बाजूला काढतोय, पुसत नाही. नवी नोंदणी बंदच ठेवलीय, नाहीतर पहिल्याच रात्री बॉट भरतील. साइटची जोडणी सुरक्षित करणारं लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र नव्वद दिवसांचं, त्याचं नूतनीकरण या वेळी कुणाच्या खाजगी खात्यावर नाही, सर्व्हरवरच लावलंय.

नवीन नोकरी कशी आहे? छकुली शाळेत जायला लागली का? वहिनींना नमस्कार.

होड्या वर ओढल्यात, म्हणजे बंड्या रिकामा आहे. त्याला मी गाठतो. तू तुझ्या जुन्या मेलमध्ये ‘ढोल’ आणि ‘टाइलसेट’ (खेळाच्या जमिनीच्या चौकटींची चित्रं) शोध. करणाऱ्याचं नाव, मूळ फाइल कुठली आणि तो परवान्याला हो म्हणाला ती ओळ, एवढं मला पाठव.

तुझा,
नंदू